'काऊ'चं 'बोवाईन' कसं झालं? शेवटी 'आईन' येणारी इंग्रजी विशेषणं

शिकवणीताई (दर्यापूर)
गावात नववी-दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. सध्या विशेषणं चालू आहेत. काऊचं बोवाईन, डॉगचं केनाईन, कॅटचं फीलाईन, हॉर्सचं इक्वाईन, पिगचं पोर्साईन, शीपचं ओवाईन, गोटचं कॅप्राईन. मुलं घोकतात, पेपर झाला की विसरतात. एका पोट्ट्यानं विचारलं, "मॅडम, काऊलेच आईन लावून काऊआईन केलं असतं तं इंग्रजायचं काय बिघडलं असतं?"

प्रश्न रास्त आहे. आपण गाढवाचा गाढवपणा करतो, माकडाच्या माकडचेष्टा करतो, मूळ प्राणी लगेच ओळखू येतो. यांनी एकेका प्राण्यामागे दोन-दोन शब्द कशाला पाळले? आणि हे 'आईन' आलं कुठून? माझं मत असं की हे निव्वळ परीक्षा घेणाऱ्यांच्या सोयीचं ओझं आहे. पटत नसेल तर भांडा.

कपाशी_तूर_सोयाबीन
ताई, तुमच्या यादीत आमचं पीक राह्यलं. सोयाबीन! शेवटी ईन हाये. अर्थ : सोयी-बिन, ज्याच्यात शेतकऱ्याची काहीच सोय नाही ते. यंदाचा भाव पाहून सांगून रायलो.

पुण्यातला_वऱ्हाडी
😂 वरच्याला दहापैकी दहा.

जुना_मास्तर
ताई, ओझं म्हणू नका, त्यामागे इतिहास आहे.

लॅटिनमध्ये नामाला 'ईनुस' हा प्रत्यय लावला की "त्याचा, त्याच्या जातीचा, त्याच्यासारखा" असा अर्थ होतो. बैल-गाय म्हणजे बोस, त्याचं बोवीनुस. कुत्रा कानिस, कानीनुस. घोडा इक्वुस, इक्वीनुस. मेंढी ओविस, डुक्कर पोर्कुस, शेळी काप्रा. इंग्रजीनं शेवटचा 'उस' कापला आणि 'आईन' उरलं. म्हणजे विशेषण बनवण्याची रीत तुमच्या पोट्ट्यानं सुचवली तीच आहे, फक्त ती इंग्रजी नावावर न चालता लॅटिन नावावर चालली.

काऊ, डॉग, शीप, हॉर्स हे शब्द इंग्रजीचे घरचे, शेतकऱ्याच्या तोंडचे. विशेषणं बहुतेक सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या लोकांनी लॅटिन ग्रंथांतून उचलली. गोठ्यातल्या माणसाला 'बोवाईन'ची गरज कधी पडलीच नाही. ती वैद्याला, वकिलाला आणि प्राणिशास्त्रज्ञाला पडली.

आता पडताळा पाहा. जिथे प्राण्याचं नावच लॅटिनमार्गे आलं, तिथे जोडी जुळते. एलिफंट, एलिफंटाईन. सर्पंट, सर्पेंटाईन. ही दोन मुलांना आधी शिकवा, मग बाकीची.

शिकवणीताई
सर, हे पटलं. पण मग आपल्या भाषेत असं दुहेरी खातं का नाही?

मेळघाटी
कोण म्हणते नाही? धारणीच्या रस्त्याने या. आमी म्हणतो वाघ. पाटीवर लिहिलं हाये मेळघाट व्याघ्र प्रकल्प. १९७३-७४ मधे देशात पहिले नऊ निघाले त्यातला हा एक, तवापासून 'व्याघ्र'च हाये. वाघाले आजवर कोणी व्याघ्र म्हणून हाक मारली नाई.

पूर्णाथडी (अकोला जिल्हा)
बरोबर. कुत्रा चावला की दवाखान्याच्या कागदावर 'श्वानदंश'. साप चावला की 'सर्पदंश'. कोंबड्या पाळल्या की 'कुक्कुटपालन', डुकरं पाळली की 'वराहपालन', मासोळ्या धरल्या की 'मत्स्यव्यवसाय'. मोटरपंप किती 'अश्वशक्ती'चा, घोडाशक्तीचा कोणी विचारत नाही. कर्ज घरच्या शब्दानं मिळत नाही, संस्कृतात मागावं लागते.

जुना_मास्तर
पूर्णाथडी, अगदी हेच. इंग्रजाचं लॅटिन तेच आपलं संस्कृत. आणि संस्कृतात तर प्राण्यांची विशेषणं तयारच आहेत. आयुर्वेदात दुधाचे प्रकार वाचा : गाईचं गव्य, म्हशीचं माहिष, शेळीचं आज, मेंढीचं आविक, उंटिणीचं औष्ट्र. 'पंचगव्य' सगळ्यांना माहीत असतं, पण 'गव्य' म्हणजे बोवाईन हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

कपाशी_तूर_सोयाबीन
मंजे लॅटिन आपल्या संस्कृतातूनच गेली ना? बोस आन् गो, इक्वुस आन् अश्व. आमच्या व्हाट्सॲपवर कवाचं आलेलं हाये.

जुना_मास्तर
गेली नाही. बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी भाषणात हेच मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य इतकं दाट आहे की तिन्ही एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. ते मूळ आज कदाचित अस्तित्वात नसेल, असंही ते म्हणाले.

यादीतल्या जोड्या मात्र खऱ्या आहेत. गो आणि बोस. अश्व आणि इक्वुस. अवि म्हणजे मेंढी, तिकडे ओविस. श्वन् म्हणजे कुत्रा, तिकडे कानिस. वृक म्हणजे लांडगा, तिकडे लुपुस, त्याचं विशेषण लूपाईन. गंमत अशी की इंग्रजीचा 'काऊ'ही याच 'गो'च्या घरातला आहे. म्हणजे काऊ आणि बोवाईन हे एका आजीचे नातू, वेगवेगळ्या गावी वाढले म्हणून ओळखू येत नाहीत.

बेरारी_बोकड
माझ्या शेळ्यायचा कोणी विचारच करून रायलं नाई. मटणाचं काय ते सांगा.

पुण्यातला_वऱ्हाडी
मटण हा फ्रेंच मेंढीचा शब्द आहे भाऊ, 'मुताँ'. १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात शिरले, राज्य त्यांचं झालं. गोठ्यातली काऊ ताटात गेली की बीफ, पिग गेलं की पोर्क, शीप गेली की मटण. जनावर राखणाऱ्याचा शब्द वेगळा, खाणाऱ्याचा वेगळा. त्या हिशेबानं मटण म्हणजे ओवाईन. आणि नागपुरात सावजीच्या रश्शात तर्रीखाली जे असतं ते कॅप्राईन. आपण शतकभर चुकीच्या नावानं बोटं चाटतो आहोत.

बेरारी_बोकड
नाव काही बी असो, तर्री कमी नाई झाली पाहिजे.

गुरांचा_डॉक्टर
उशिरा आलो, लसीकरणाचा दौरा होता. आमच्याकडे हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला मारतो, त्याच्या नोंदीत, औषधांच्या लेबलावर, प्रयोगशाळेच्या अहवालात बोवाईन-कॅप्राईनच असतं. एक बारकावा : पशुगणनेत बोवाईन म्हटलं की गाई-बैलांबरोबर म्हशीही धरतात. फक्त म्हशीचं म्हणायचं तर ब्युबलाईन. नागपुरी आणि पूर्णाथडी या आपल्या म्हशी ब्युबलाईन. (पूर्णाथडी, तुमच्याबद्दल बोलत नाही.)

गाईंतही अजून दोन पडतात. वशिंडवाल्या देशी गाई, म्हणजे वर्ध्याकडची गवळाऊ, गडचिरोलीकडची कठाणी, यांना इंडिसिन म्हणतात. बिनवशिंडाच्या जर्सी, होल्स्टीन या टॉराईन. टॉरुस म्हणजे लॅटिन बैल. तरतरी आणणाऱ्या पेयांच्या डब्यावर 'टॉरिन' लिहिलेलं असतं तेही इथूनच. १८२७ साली जर्मन शास्त्रज्ञ टीडेमान आणि ग्मेलिन यांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं, म्हणून बैलाचं नाव. आता डब्यातलं कारखान्यात बनतं, बैलाचा संबंध राहिला नाही.

पूर्णाथडी
डॉक्टरसाहेब, वशिंड आमालेही हाये, कामाचं 😀

कपाशी_तूर_सोयाबीन
डॉक्टर, लम्पीच्या वर्षी आमच्या बैलाले तुमी बकरीची लस टोचली होती. तवा बी विचाराचं होतं. बैलाले बकरीचं काहून?

गुरांचा_डॉक्टर
२०२२ ची गुरांच्या चर्मरोगाची साथ. लम्पीचा विषाणू, शेळ्यांच्या देवीचा आणि मेंढ्यांच्या देवीचा, हे तिघं एकाच कुळातले. कुळाचं नावच कॅप्रीपॉक्स, म्हणजे शेळीची देवी. शेळीच्या देवीची लस गाईला दिली की लम्पीपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं आणि ती लस देशात तयार होती. म्हणून गोटपॉक्सची लस गाई-बैलांना टोचली.

पुण्यातला_वऱ्हाडी
थांबा थांबा. ह्यात मोठी गंमत आहे. 'वॅक्सिन' हा शब्दच आपल्या धाग्यातला आहे! वाक्का म्हणजे लॅटिन गाय. वाक्कीनुस म्हणजे गाईचं. मुळात ते विशेषण.

इंग्लंडात गवळणींना गाईच्या आचळांवरची देवी हाताला लागायची, आणि मग त्यांना माणसांची देवी येत नसे. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ ला एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. १७९८ च्या पुस्तिकेत त्यांनी या रोगाला लॅटिनमध्ये 'गाईची देवी' असं नाव दिलं, त्यातल्या 'गाईची'चं वॅक्सिन झालं. पुढे १८८१ मध्ये पाश्चर यांनी जेन्नर यांच्या मानार्थ सगळ्याच लसींना हा शब्द वापरावा असं सुचवलं. आपल्याकडे पहिली लस १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली.

म्हणजे कपाशीभाऊ, तुमच्या बैलाला "शेळीच्या देवीची गाईवाली" टोचली गेली.

कपाशी_तूर_सोयाबीन
बाप्पा! बैलाले सांगतो.

सिस्टर_वर्धा
मी ग्रामीण रुग्णालयात आहे. तुम्ही सगळे गाई-म्हशींत अडकले आणि गावातलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं 'आईन' विसरले : सलाईन! साल म्हणजे लॅटिन मीठ, सलाईन म्हणजे खारट, मिठाचं. इंग्रजीत ते विशेषण, आपल्याकडे बाटलीचं नाव. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, ०.९ टक्के, हे नॉर्मल सलाईन. पेशंट येतात, ताप नाही, उलटी नाही, तोंडानं खाणं-पिणं नीट चालू, तरी म्हणतात, "सिस्टर, दोन बाटल्या लावा, तरतरी येते." समजावून समजावून थकते. मीठ-पाणी आहे हो, घरी लिंबू-मीठ-साखर घालून प्या म्हटलं तर लोकांना राग येतो. सुई टोचल्याशिवाय उपचार झाला असं वाटत नाही.

आणखी एक आमच्या पुस्तकातलं. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात कपाळाची, गालाची कातडी जाड होऊन वळ्या पडतात, भुवया झडतात. त्या चेहऱ्याला 'लिओनाईन' म्हणतात, सिंहासारखा. वर्धा-वरोरा भागात कुष्ठरोगाचं एवढं काम झालं, जुन्या कर्मचाऱ्यांना हा शब्द पाठ आहे. शब्द रुबाबदार, पण ज्याच्या चेहऱ्याला लागतो त्याला विचारा. आता औषधांनी रोग बरा होतो, वेळेत आलं तर तिथपर्यंत जातच नाही.

पूर्णाथडी
सिस्टर, बाटलीतलं सलाईन सोडा, आमी तं सलाईनवरच राहतो. खारपाणपट्टा! अकोला, अमरावती, बुलढाणा, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला जमिनीखालचं पाणी खारं. हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, बोअर मारून ओलित केलं तं जमीन खराब होते. सगळ्या सरकारी अहवालांत आमचं इंग्रजी नाव सलाईन ट्रॅक्ट.

माती परीक्षणाच्या कागदावर दुसरा आईन येतो, अल्कलाईन. सामू (पीएच) आठच्या वर गेला की तो शब्द समजा. त्याचा अर्थ कोणी सांगन का?

जुना_मास्तर
अल्कली हा अरबी शब्द, अल-किली, खारट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. तिला लॅटिन प्रत्यय लावून अल्कलाईन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं. अरबी बी, लॅटिन खत.

लोणारकर
दोन्ही आईन एका जागी पाहायचे तर आमच्याकडे या. लोणारचं सरोवर खारंही आहे आणि अल्कलाईनही. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, आठवत असेल. तपासात निघालं की खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव वाढले होते. त्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव गेलं. आता येणारे लोक सेल्फी घेतात आणि 'डिव्हाईन' म्हणतात. तोही आईनच ना?

जुना_मास्तर
हो. दीवुस म्हणजे देव, त्याचं दिवीनुस. आपला 'देव' आणि 'दिव्य' त्याच मुळाचे.

शिकवणीताई
इतकं निघेल असं वाटलं नव्हतं. आता उच्चाराचं सांगा. मुलं मरीनला 'मराईन' म्हणतात आणि फेमिनिनला 'फेमिनाईन'. चूक काढायला जाते तर विचारतात, "मग केनाईन कसं?" माझ्याकडे नियम नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी
पक्का नियम नाहीच, तीन गट करून द्या. प्राणी बहुतेक सगळे 'आईन'. फेमिनिन, मॅस्क्युलिन, जेन्युइन यांत ऱ्हस्व 'इन'. मरीन, प्रिस्टीन यांत दीर्घ 'ईन'. आणि मशीन, इंजिन, मेडिसिन यांना या धाग्यात घेऊ नका, ती नामं आहेत. मशीन तर ग्रीकमधून आलंय, तिथला शेवट वेगळ्या जातीचा. क्विनिन, निकोटिन, क्लोरीन यांतला शेवट रसायनवाल्यांनी पदार्थांची नावं पाडायला घेतला.

मेळघाटी
अस्वलाचं राह्यलं.

जुना_मास्तर
अर्साईन. लॅटिन उर्सुस, संस्कृत ऋक्ष. आणि तुमच्या जंगलातल्या अस्वलाचं शास्त्रीय नाव मेलुर्सुस उर्सिनुस, म्हणजे "अस्वलासारखं मध-अस्वल". हे असं विचित्र का, ते सांगतो. १७९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज शॉ यांनी त्याचं वर्णन केलं. लांब नख्या आणि वरचे पुढचे दात कमी, एवढं पाहून त्यांनी त्याला अमेरिकेतल्या झाडावर लटकणाऱ्या आळशी स्लॉथच्या कुळात घातलं आणि "अस्वलासारखा स्लॉथ" असं नाव दिलं. पुढे कुळ दुरुस्त झालं, पण 'उर्सिनुस' चिकटून राहिलं आणि इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' झालं.

मेळघाटी
आळशी? मोहफुलाच्या दिवसात त्याच्यापुढे पळून दाखवा म्हणा साहेबाले.

जुना_मास्तर
आणखी एक. इंग्रजीच्या 'बेअर'चा मूळ अर्थ 'तपकिरी' असा धरतात. अभ्यासकांचं म्हणणं असं की उत्तरेकडच्या शिकाऱ्यांनी भीतीपोटी अस्वलाचं खरं नाव घेणं टाकलं आणि टोपणनावच नाव झालं.

मेळघाटी
आमच्याइकडे रातच्याला सापाले साप नाई म्हणत. जनावर म्हणतात, नाई तं लांबडं.

शिकवणीताई
सर, एक विचार आला. 'ग्रामीण रुग्णालय' वाचून. ग्रामीण, कुलीन, नवीन, प्राचीन, ही पण 'ईन' लावलेली विशेषणंच झाली ना? ग्रामाचं ते ग्रामीण, कुळाचं ते कुलीन. कॅनिसचं ते केनाईन.

जुना_मास्तर
शाब्बास ताई. संस्कृतचा 'ईन' प्रत्यय हेच काम करतो, 'त्याचा, त्यातला'. ग्रामीणमध्ये आधी 'र' आहे म्हणून 'न'चा 'ण' झाला. फक्त हीन, दीन, लीन, मीन यांना त्यात ओढू नका. शेवट सारखा दिसतो, घडण वेगळी, पुण्यातल्या भाऊंच्या मशीनसारखीच.

शिकवणीताई
मग मी आता ग्रामीणपासून सुरू करणार. मग एलिफंटाईन, मग सलाईन, मग बाकी. त्या पोट्ट्याला सांगते की त्यानं सुचवलेलंच केलंय, पण लॅटिन गाईवर. तरी परीक्षेत ॲसिनाईन विचारणाऱ्यावरचा माझा राग गेलेला नाही. गाढवाचं विशेषण आहे आणि गाढवाला कोणी लावत नाही, मूर्ख माणसालाच लावतात. तेवढं एक निव्वळ पाठांतर.

बेरारी_बोकड
ताई, माझा शेवटचा. बोकडाले जो वास येते, त्याले इंग्रजीत काही हाये का? गिऱ्हाईक नाक दाबून येते.

पुण्यातला_वऱ्हाडी
आहे! हर्साईन. हिर्कुस म्हणजे बोकड. बोकडासारखा उग्र वास येणारा. माणसालाही लावतात.

झाडीपट्टी (गडचिरोली)
सगळा धागा वाचला. हिवतापाच्या कामात आम्हाला प्रशिक्षणात दोन शब्द शिकवले : अनोफेलाईन आणि क्युलिसाईन. मलेरिया पसरवतो तो अनोफेलाईन डास, हत्तीरोग पसरवतो तो क्युलिसाईन. बसण्यावरून ओळखायचे. अनोफेलाईन शेपूट वर करून तिरपा बसतो, दुसरा भिंतीला समांतर. क्युलेक्स म्हणजे लॅटिनमध्ये डासच. अनोफेलीस मात्र ग्रीक आहे, अर्थ 'निरुपयोगी, काही कामाचा नाही'.

कपाशी_तूर_सोयाबीन
मंजे आमचे बुढे रोज सकाळी मले अनोफेलाईन म्हणत होते, वऱ्हाडीत.